पाच घरांचे शब्द

आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घ माझं कधी जुळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे पहिली वेलांटी कुठं आणि दुसरी कुठं, हे हात जाईल तसं ठरतं. अक्षरही निंदणाला बसलेल्या बायांसारखं, कोणी पुढं गेलेलं, कोणी मागं राहिलेलं. वाचणाऱ्यानं माफ करावं. वाचणारं कोणी असेल असं वाटत नाही. तोंडानं सांगायला मी लाजते, चारचौघींत बसले की माझा आवाजच निघत नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आमच्या तांड्यात पिशवीच्या तोंडाशी आडवी पट्टी लावतात. पट्टीत पाच घरं. प्रत्येक घराला कडेनं रंगीत टाका, कोपऱ्यात कवडी, मधात आरसा. माझी याडी, म्हणजे माझी आई, हे काम करायची, तिच्याकडून ते माझ्या हातात आलं. उन्हाळ्यात शेतात काम नसतं तेव्हा मी पट्ट्या करून ठेवते आणि यवतमाळला एका मॅडमच्या दुकानात पिशव्या देते. आमच्या तांड्यावरून लोहाऱ्यापर्यंत ऑटो, तिथून पुढं दुसरा ऑटो.

त्या उन्हाळ्यात मॅडमनं माझ्या पिशव्या उलटसुलट करून पाहिल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"ताई, काम तुमचं सुंदरच आहे. पण आरशाच्या पिशव्या आता कोणी रोज वापरत नाही. कॉलेजच्या मुलींना शब्द हवेत. इंग्रजी. हे बघा."

तिनं मोबाईलमध्ये दाखवलं. पिशवीवर चकचकीत आरशासारखी इंग्रजी अक्षरं शिवलेली होती. प्लास्टिकचीच, पण प्रत्येकाला टाक्यासाठी बारीक भोकं. मॅडम म्हणाली, तुमच्या पट्टीत पाच घरं आहेतच, प्रत्येक घरात एक अक्षर बसवा, मी घेते सगळ्या. पैसे मात्र विकल्यावर.

मला एबीसीडी ओळखता येते. खताची पोती, बियाण्याच्या थैल्या, औषधाचे डबे, यांवरून शिकले. शब्द वाचता येत नाही, अक्षर ओळखता येतं. मला वाटलं, शिवायला तेवढं पुरे.

अक्षरं घ्यायला पैसे पाहिजेत. आमच्या बचत गटात कर्ज एका वेळी एकीलाच मिळतं, तिनं फेडलं की पुढचीला. तेव्हा नंबर शेजारच्या वहिनीचा होता. तिची मुलगी बारावी झाली होती, नर्सिंगला जाणार होती, त्याच्या फीसाठी वहिनीनं हा नंबर धरून ठेवला होता. मी तिच्याजवळ फक्त रडगाणं गायलं होतं, मागितलं नव्हतं. तीच म्हणाली, "अ‍ॅडमिशन पोळ्याच्या नंतर हाय. तवरोक पैसे गटात बसून का अंडे देणार हाय? तू घे माह्या नंबरवर. पण माय, पोळा झाला का मले पाह्यजेच. पोरीले यातलं काही सांगू नको. तिले समजलं तं मनाले लावून घेईन, फारमच नाही भरणार."

मी हो म्हणाले.

मी आणि माझे मालक नागपूरला गेलो. अक्षरांचा व्यापारी गादीवर बसलेला, मागं भिंतभर डबे. त्यानं विचारलं, "कौनसा कितना?" मी म्हणाले, सगळे सारखे. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग मालकांकडं पाहिलं. "बाई, सब बराबर? ए भी उतना, झेड भी उतना?" मी मान हलवली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही हलवली.

याडी मणी आणि दोरे घ्यायची ते सगळे रंग सारखे. लाल जास्त लागतो म्हणून लाल जास्त घेतला, असं तिनं कधी केलं नाही. म्हणायची, रंग रुसते. उरलेला रंग पुढच्या पट्टीत घालायचा, त्याच्याभोवती पट्टी बसवायची, म्हणून तिच्या दोन पट्ट्या कधी सारख्या निघाल्या नाहीत. आमच्यात सगळ्याच बाया तसंच घेतात. मला वाटलं, अक्षरंही रंगांसारखीच. आणि खरं म्हणजे कोणतं किती लागतं हे मला माहीत नव्हतं, ते त्या गादीवरच्या माणसासमोर सांगायची लाज वाटली. पैसे सगळे तिथंच गेले. डबे मांडीवर घेऊन आलो.

पहिल्यांदा मॅडमनं कागदावर शब्द लिहून दिले. हॅपी, स्माइल, ड्रीम, हार्ट, पीस. मी एकेक अक्षर जुळवून शिवत गेले. सुई चालली की मन शांत होतं, आठ-पंधरा दिवस तसेच गेले. मग एक दिवस ईच्या डब्यात हात घातला तर नख तळाला लागलं. पाहते तर ए पण संपत आलेला. पीसमध्ये तर ई दोनदा! घरी पाहुणे आल्यावर साखर जाते तशी ही दोन अक्षरं गेली होती. त्यांच्यामागं पी आणि आर. आणि क्यूचा डबा गच्च, झेडचा गच्च, जे, व्ही तसेच. एक्सला तर हातच लागला नव्हता.

व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, सुटे नाही मिळणार, एका अक्षराची पूर्ण थैली घ्यावी लागेल. थैलीला पैसे कुठून आणू? मॅडमकडं पहिल्या पिशव्या आत्ताच टांगल्या होत्या. मी मॅडमला विचारलं, या अक्षरांचे शब्द सांगा. ती हसली. "ताई, क्यू आणि झेडचे शब्द मला तरी कुठं येतात? शोधा तुम्ही, मुलांना विचारा."

मालकांनी संध्याकाळी डबे पाहिले.

"एवढे क्यू? यायची भाजी होते का पाहून घे."

"तुमाले हसू येऊन राह्यलं?"

"मंग का रडू? व्यापाऱ्यानं दोनदा विचारलं तुले. मी म्हटलं, असन बा इले माहीत, चौथी शिकलेली बाई हाय."

ते स्वतः तिसरी आहेत. एरवी मी हसले असते.

चार अक्षरांचे शब्द मिळत होते. पण पट्ट्या उन्हाळ्यातच शिवून ठेवलेल्या, सगळ्या पाच घरांच्या. पाचव्या घरात एकटा आरसा लावला तर आमच्यात त्या पट्टीला काणी म्हणतात, एका डोळ्याची. तशी पट्टी मी बाहेर देणार नाही. घर रिकामं ठेवलं तर शिवणारी मधातच मेली असं वाटतं. म्हणजे पाचच अक्षरं पाहिजेत, त्यात ए नको, ई नको, आणि क्यू, झेड, जे, व्ही यांतलं काही पाहिजे.

हे मी वहिनीच्या मुलीला सांगितलं. दुसरं कोण होतं इंग्रजीवालं? ती तर खूश झाली.

"काकी, हे तं मोबाईलमध्ये असते. हे पाय, इथं पाच टाकाचं. इथं जे अक्षर पाह्यजे ते. इथं नको ते. बस. निघालेच."

खरंच निघाले. पावसाच्या आधी मुंग्या निघतात तसे शब्द. ती बोटानं वर सरकवत होती आणि ते संपत नव्हते. मी म्हणाले, याचा अर्थ काय?

"मले काय माहीत!"

"अन् हा?"

"हा एखादा किडा असन."

"अन् हा?"

"काकी, कायले पाह्यजे अर्थ? शिवून टाक ना. घेणारीले तरी कुठं माहीत रायते?"

मला ते जमेना. जो शब्द मला माहीत नाही, शोधून देणाऱ्या पोरीलाही माहीत नाही, तो दुसऱ्याच्या खांद्यावर कसा चढवू? काही वाईट निघालं तर? म्हणून आमचं असं ठरलं की मुलीला माहीत असलेला शब्द घ्यायचा, नाहीतर मी कुठंतरी लिहिलेला पाहिलेला. तिला माहीत असलेले लवकर संपले. फझी म्हणजे केसाळ, तो घेतला. विविड म्हणजे भडक रंगाचं. क्विल्ट म्हणजे गोधडी, त्याचा मला फार आनंद झाला, क्यू जाईल आणि वरून आपलीच वस्तू. मॅडमनं त्या पिशव्या परत दिल्या. "ताई, गोधडी कोण लटकवून फिरेल?" आता त्यात माझे कांदे असतात.

मग माझे डोळे सुटले. एका हाताची बोटं पाच, म्हणून कुठंही इंग्रजी दिसलं की पहिलं अक्षर अंगठ्याचं धरून अंगठा बाकीच्या बोटांवर चालायला लागायचा. करंगळीवर थांबला तर शब्द घ्यायचा, अलीकडं-पलीकडं गेला तर सोडायचा. पापडाच्या पुड्यावर जंबो मिळाला. चिकटवायच्या नळीवर क्विक. बसस्टँडजवळच्या ज्यूसच्या गाडीवर ज्यूसी लिहिलेलं, तिथं मी एवढा वेळ उभी राहिले की गाडीवाला म्हणाला, "मावशी, घ्याचा हाय का नुसता वास घेता?" मी पदर तोंडावर घेऊन निघून आले, पण शब्द घेऊन आले. दवाखान्यात डॉक्टर माझ्या जावेला तपासत होते आणि मी गोळ्यांच्या पाकिटावर बोटं मोजत होते. एका घरी दहाव्याला गेलो, सगळ्या बाया रडत होत्या, समोर एक माणूस बसलेला, त्याच्या शर्टावर छातीभर इंग्रजी. मी मान खाली घातली. पदराखाली अंगठा चालूच होता. आर होता त्यात, उपयोगाचा नव्हता.

जेवताना घास हातात राहायचा. निंदणात माझी ओळ मागं पडायची, बाया म्हणायच्या, "काय वो, नवरीवानी कुठं पाहून राह्यली?" मी काय सांगू त्यांना? कपाशीच्या ओळीत मला झेड दिसतो म्हणू?

वहिनी रोज दिवेलागणीच्या आधी माझ्या ओट्यावर येऊन बसायची. पैशाचं एका शब्दानं विचारायची नाही. म्हैस कशी आटली, तुरीला अळी पडली, असंच बोलायची. उठताना एकदा माझ्या डब्यांकडं पाहायची. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि मुलगी मोबाईल घेऊन यायची, तिला हा खेळच झाला होता. "काकी, आज व्ही घेऊ." एकदा अशीच अक्षरं दाबता दाबता म्हणाली, "बाबा म्हणते, पुढच्या वर्षी पाहू नर्सिंगचं. आई काही बोलतच नाही. लिस्टमध्ये नाव आलं माह्यं, अन् घरात कोणी बोलत नाही." मग लगेच, "हा पाय, पाच अक्षरी, जॉली! आइसक्रीमवर नाही का रायत?" मी सुई तशीच बोटात टोचून घेतली. तिला सगळं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण वहिनीला दिलेला शब्द होता. मी जॉली शिवायला घेतला.

एक्सचं काही होत नव्हतं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा पडला होता, त्याच्यावर बोटं मोजली तर नेमकी पाच, मधात एक्स, आणि नको असलेलं एकही अक्षर नाही. झाकणाचा तुकडा घेऊन धावत आले. मुलीनं वाचलं आणि हसून जमिनीवर बसली.

"काकी! टॉक्सिक! विष, विष!"

"मंग नको."

"अवो, हेच तं पाह्यजे! कॉलेजात सगळ्या हेच म्हणते एकमेकीले, तू टॉक्सिक, तुहा बॉयफ्रेंड टॉक्सिक. एका दिवसात खपते, मी सांगतो तुले."

ती खरं बोलत असेल. मॅडमला फोनवर विचारलं तर तीही म्हणाली, द्या, लगेच जातील. त्या दिवशी पैशाची मला किती गरज होती ते मलाच माहीत. पण तो डबा कोणाच्या घरात कसा येतो आणि कधी कधी त्यानं काय होतं, हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. तो शब्द पोरींच्या खांद्यावर माझ्या हातानं चढणार नव्हता. मालक पहिल्यांदाच चिडले. "तू असं निवडत बस. तिकडं त्या पोरीचं वरीस जाते." ते बरोबर होते. तरी मी नाही शिवला. मुलगी रुसून दोन दिवस आली नाही.

त्या दोन दिवसांत मी रिकामी बसू शकत नव्हते. एक्स हातात घेऊन पाहत होते, तर तो आमच्या फुलीच्या टाक्यासारखाच दिसला. मी कवड्या काढल्या आणि पट्टीच्या कडेनं एक्सच लावले, फुलीला फुली जोडून. घरात अक्षर, कडेला एक्सची रांग. ते चांगलं दिसलं. निदान एक डबा हलला. पण आतल्या घरांना शब्द पाहिजेच होते, आणि पोळा आठवड्यावर आलेला.

पिशव्या द्यायला यवतमाळला गेले. येताना लोहाऱ्याला ऑटोची वाट पाहत उभी होते. एक ऑटो समोर येऊन थांबला. त्याच्या पाठीवर मोठ्ठं पिवळं इंग्रजी लिहिलेलं. झेडनं सुरू. अंगठा चालला, करंगळीवर थांबला. ए नाही, ई नाही. मी जन्मात कोणा परक्या माणसाशी आपणहून बोलले नाही, पण त्या ऑटोवाल्याला विचारलं, "भाऊ, मांगं काय लिवलं?"

"जिद्दी."

"इंग्रजी हाय का?"

"अक्षरं इंग्रजी. माणूस आपला," तो म्हणाला आणि छातीवर हात ठेवला. "बसता का आता?"

घरी येऊन कोणाला न विचारता मी जिद्दी शिवायला घेतला. एक पिशवी, दुसरी पिशवी. मुलगी आली, तिनं मोबाईलमध्ये टाकून पाहिलं. "काकी, हा शब्दच नाही म्हणते. लाल करून दाखवते पाय." तोपर्यंत कितीतरी पट्ट्या झाल्या होत्या, उसवल्या तर कापडाला भोकं राहतात. मी दिवसभर उठबस करत होते. चूल पेटवली आणि तशीच सोडून अंगणात गेले. शेवटी तशाच नेऊन दिल्या. मॅडमनं पिशवी हातात धरली, ओठ हलवून वाचलं आणि दुकानाच्या बाहेरच्या खुंटीला टांगली.

पोळा झाला. बैल नसलेल्या घरीही पुरणपोळी झाली. वहिनीनं आमच्याकडं ताट पाठवलं. मी ते झाकून ठेवलं.

पोळ्याच्या नंतर दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. "ताई, त्या झेडवाल्या अजून किती आहेत? पोरी मैत्रिणींसाठी घेऊन राहिल्या. अजून असं काही आहे का?" मी म्हणाले, आहे. फोन ठेवला तेव्हा माझ्याजवळ काहीच नव्हतं. मग मी आणि मुलगी ओट्यावर बसलो आणि मोबाईल बाजूला ठेवून आपल्याच शब्दांची बोटं मोजायला लागलो. झोळी, इंग्रजीत पाच अक्षरं, जे आहे, ए नाही, ई नाही. मुलगी ओरडलीच. पिशवीवर झोळीच लिहिलेलं, ते मॅडमला फार आवडलं. मालक कामावरून आले की सुया ओवून द्यायचे, शेजारी वहिनी येऊन कापड कापायची. मुलीला वाटत होतं, काकीचं काम वाढलं म्हणून आई मदत करते. पण वहिनी कात्री चालवता चालवता माझ्यासारखीच दिवस मोजत होती. फी भरायची शेवटची तारीख जवळ होती आणि मॅडमचे पैसे विकल्याशिवाय येत नव्हते.

शेवटी मी स्वतः दुकानात गेले. मॅडमसमोर उभी राहिले. गिऱ्हाईकं होती. ती गेल्यावर मी एका दमात बोलले, एका पोरीची फी आहे, ते पैसे माझ्याकडं अडकले आहेत, जेवढ्या विकल्या तेवढ्यांचे आजच पाहिजेत. मॅडमनं हातातली पिशवी बाजूला ठेवली. "एवढं होतं तर आधी बोलायचं ना, ताई." तिनं हिशेब केला, गल्ल्यातून दिले आणि उरलेले मोबाईलवरून मालकांच्या खात्यात टाकले.

गटाची मीटिंग समाजमंदिरात असते. सगळ्या सतरंजीवर बसलेल्या. याआधी मी थोडे थोडे भरत आले होते, त्या दिवशी उरलेलं सगळं आणलं होतं. अध्यक्षीणबाईंनी माझं नाव घेतलं. मी उठून पुढं गेले, कमरेची पिशवी सोडली आणि नोटा त्यांच्यासमोर ठेवल्या. वहिनी माझ्या पदराचं टोक धरून बसली होती, ते सुटलं नव्हतं, मला ओढ बसली तेव्हा समजलं. बाईंनी मोजलं. एकीनं म्हटलं, "कोणत्या ब्यांकेवर डाका टाकला वो?" सगळ्या हसल्या. बाईंनी पुन्हा मोजलं, व्याज वेगळं काढलं, नोटा रबरात बांधल्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "तुह्याकडं आता काही बाकी नाही. पुढचा नंबर कोणाचा?"

वहिनीनं माझा पदर सोडला आणि हात वर केला.